खाणीचा खड्डा : बुजवायचा की पाण्याला सोडायचा?

चंद्रपूर-वणीकडे उघडी कोळसा खाण संपली की हे दोनच पर्याय उरतात. खरे तर निवड त्याआधी, परवानगीच्या कागदांवरच होते. २००९ पासून खाण संपल्यावर ती कशी बंद करायची याचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, भरावे लागतात.

बुजवायचे तर कोळसा काढत पुढे सरकतानाच मागे भर घालत यावे लागते. वरची काळी माती सुरुवातीलाच वेगळी राखली नाही, तर शेवटी दगड-मुरूम उरतो आणि त्यावर वेड्या बाभळीशिवाय फारसे काही तग धरत नाही. खर्चिक काम, पण जमीन परत मिळते. अमेरिकेत तर १९७७ च्या कायद्याने जमिनीला जवळपास मूळचा आकार द्यावाच लागतो.

पाणी साठू देणे स्वस्त. उन्हाळ्यात गावाला उपयोगही होतो. पण कडा उभ्या. गुरे उतरणार कुठून? शिवाय खड्ड्यातली माती बाहेर ढिगाऱ्यावर, पावसाळ्यात ओढ्यात.

मी बुजवण्याच्या बाजूचा. पहिल्या खोदाईची माती बाहेर पडलेली असल्याने शेवटचा कप्पा, म्हणजे सर्वांत शेवटी खोदलेला भाग, बहुधा रिकामा राहतोच. तळे तिथे करा, कडा उतरत्या करून.