वाळलेल्या लाकडाला मेण कशाला? शिसवी पेनात ७,५२० रुपये बुडाले

बाबांच्या पंचाहत्तरीला शिसवी पेन स्वतः लेथवर कातून द्यायचं होतं, माल ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मागवला. त्यात ७,५२० रुपये गेले. शिसवाचे १२ ब्लँक (पेन कातायचे चौकोनी ठोकळे) २२० प्रमाणे २,६४०, किमान ऑर्डर म्हणून १० पेनकिट (नळी, क्लिप असे पेनाचे सुटे भाग) ३८० प्रमाणे ३,८००, कुरिअर १८०. वर ‘बदलून देतो, पिकअपचे आधी भरा, परत मिळतील’ म्हणून ९००. ते मिळाल्यावर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. असले लोक कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून लाकडाचंच सांगतो.

पैसे भरण्याआधी त्याने व्हिडिओ पाठवला होता. काळपट तपकिरी ब्लँक, चारी बाजूंना आणि दोन्ही टोकांना जाड मेण. मेण का, विचारलं. ‘साहेब, तडकू नये म्हणून. दोन वर्षं वाळवलेला माल आहे.’ या वाक्यावर फोन ठेवायला हवा होता! मेण ओल्या लाकडाला लावतात, पाणी हळूहळू निघावं म्हणून. दोन वर्षं वाळलेल्याला कशाला? लेथवर काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, तेही पाहिलं, आणि तरी पिन टाकला.

मी डोळे मिटून माल घेतला असं मात्र नाही. आल्याबरोबर वजन केलं. १९×१९×१३० मिमीचा वाळका शिसवी ठोकळा साधारण ४० ग्रॅम भरतो, हा ४१ भरला. कुणीही विश्वास ठेवला असता. ते वजन पाण्याचं होतं. नंतर उरलेल्यांचं मेण खरवडून तीन आठवडे पंख्याखाली ठेवले, तर ३२.

ड्रिल करताना भुगा कोरडा पडायला हवा. इथे ७ मिमीच्या बिटाला ओलसर दोरे गुंडाळत होते, वाफ येत होती. किटमधली धातूची नळी पॉलिश पेपरने घासून भोकात इपॉक्सीने बसवली, टोकं काटकोनात केली, कातायला घेतलं. दीड मिमी उतरताच खाली फिकट लाकूड. रंगवलेला आंबा. स्लिमलाइन, म्हणजे बारीक प्रकारचं पेन टोकाला ८ मिमीच्या जरा वर राहतं, म्हणजे प्रत्येक बाजूने पाच मिमी जातं, वरवरचा रंग तिथवर पोचतच नाही. चौथ्या दिवशी उभी चीर. लाकूड आकसतं, धातूची नळी आकसत नाही, आणि टोकाला लाकूड उरतं जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. नळ्यांना चुंबक चिकटलं. पितळेला चिकटत नाही, म्हणजे नळ्याही पितळेच्या नव्हत्या. चुंबक नळीलाच लावा, क्लिप चांगल्या किटमध्येही पोलादी असू शकते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘माल आला ना? मग फसवणूक कसली?’ शिसव सांगून रंगवलेला आंबा विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर ‘ग्राहक मंचात जा’. तिथल्या अर्जात विक्रेत्याचं नाव-पत्ता लिहावा लागतो. तो काढायचा कुणी? बँकेत ‘पिन तुम्हीच टाकलात’. खातं कुणाचं ते सांगणार नाहीत, पोलिसांचं पत्र आणा. पत्रासाठी परत ठाणं. तीन अर्ध्या रजा गेल्या. प्रत्येक टेबलावर चिरलेलं पेन काढून दाखवायचं, एकाने हातातसुद्धा घेतलं नाही. ‘एका पेनासाठी एवढं?’ हो, पेनासाठी! पैसे माझ्या कष्टाचे होते आणि पेन माझ्या वडिलांचं होतं.

शंका आली की त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी माल येऊन कातून होईपर्यंत थांबलो, तोवर अठरा दिवस उलटले होते. बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका. ऑनलाइन घ्यायचंच असेल तर व्हिडिओ कॉलवर ब्लँकचं टोक समोर कापायला लावा. लाकूड रंगवलंय का ते बघायला अ‍ॅसिटोनच्या बोळ्यावर भरवसा नको, खऱ्या शिसवाचाही रंग त्यात उतरतो. मुंबईत राहणाऱ्याने रे रोडच्या लाकडाच्या वखारी गाठाव्यात, तुकडा हातात घेऊन खरवडून बघता येतो. आणि पावसाळ्यात आणलेला ठोकळा लगेच ड्रिलला लावू नका. दर आठवड्याला वजन करा, आकडा दोन आठवडे हलला नाही की मग बिट लावा.