दोन टनी चेनकप्पी: दसऱ्यापासून मिरगापर्यंत वापरून

आमच्या औसा-निलंगा भागात बोअरमधली मोटर काढायला अजून बरेच जण दोर ट्रॅक्टरला बांधतात. काम झटपट होतं, वाद नाही. मी मात्र खंडेनवमीला या चेनकप्पीला, म्हणजे हातानं चेन ओढून वजन उचलायच्या कप्पीला, हळदकुंकू लावलं आणि तेव्हापासून ट्रॅक्टर बंद. अख्खा उन्हाळा तिच्यावरच काढला.

तीनशे फुटांवर मोटर, सव्वा इंची जीआय पाईप. पाईप मीटरला 3 किलोच्या वर, म्हणजे तोच पावणेतीनशे किलोच्या पुढं. आत पाणी अडून असलं तर ते नव्वदेक किलो, शिवाय मोटर-पंप आणि केबल. अर्ध्या टनाच्या आसपास सगळं. दुकानदार म्हणाला, एक टनी घ्या की. पण मोटर केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाईपाच्या) सांध्यात अडली तर चेनवर किती ताण येईल, हे कोणता काटा सांगणार? ट्रॅक्टरवाल्याला ते दोर तुटल्यावर कळतं. इथं हाताला आधी कळतं. चेन जड लागायला लागली की थांबायचं, फूटभर खाली सोडायचं, पाईप जरा फिरवून पुन्हा ओढायचं. एका गड्याला झेपेना म्हणून दुसरा चेनीला लावायचा नाही, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. मालक बांधावरून कितीही ओरडू दे.

आता रडगाणं. दोन टन भाराला हाताची ओढ तीस-पस्तीस किलो, म्हणजे मीटरभर वजन वर यायला साठ मीटरहून जास्त चेन ओढायची. तीनशे फुटांचा हिशेब केला तर पाच किलोमीटरच्या पुढं जातो! भार कमी असला तर ओढ हलकी लागते, पण चेन तेवढीच. खांदे भरून येतात. त्यात बाजारात मिळते ती बहुधा तीन मीटर उचलीची आणि पाईप वीस फुटी. निम्मा पाईप वर आला की बोअरच्या तोंडाशी क्लॅम्प आवळा, हूक खाली सोडा, पुन्हा पकड घ्या. घेतानाच जास्त उचलीची मागून घ्यावी. कप्पी जड होते, पण परवडतं.

काळ्या रानात कप्पीपेक्षा घोड्याचीच, म्हणजे कप्पी टांगायच्या तिपाईचीच, काळजी जास्त. पाणी दिलेल्या रानात तिन्ही पाय सारखे रुतत नाहीत, घोडा कलतो आणि वजन बोअरच्या मध्यातून सरकतं. पायाखाली जाड फळ्या टाकायच्या आणि तिन्ही पाय एकमेकांना साखळीनं बांधायचे.

ब्रेक बाकी पक्का. चढवताना टक-टक आवाज येतो, हात सोडला तरी वजन जागेवर. उतरवायलाही दुसऱ्या बाजूची चेन ओढावीच लागते. टक-टक ऐकू आली नाही तर पुढं ओढू नका. वजनाच्या चेनीला तेलाचा हात फिरवा, ब्रेकच्या चकत्यांना थेंबही लागू देऊ नका. गावात प्रेमानं सगळीकडं तेल ओतणारे भेटतात, त्यांना लांब ठेवा.

दोन पदरी चेन असल्यामुळं पिकअपमध्ये टाकताना खालचा हूक उलटा होऊन चेनीला पीळ बसतो. दर वेळी कड्या सरळ आहेत का ते बघूनच भार द्या. चेन पाईपाला गुंडाळायची नाही, क्लॅम्प किंवा पट्टाच लावायचा.

घेताना आयएस 3832 चा (हातानं ओढायच्या चेनकप्पीच्या भारतीय मानकाचा) उल्लेख, हूकमधून पट्टा निसटू न देणारी खिटी आणि उचल किती, एवढं दुकानातच बघा. रंग-पॉलिशवर जाऊ नका, माझ्या कप्पीचा रंग संक्रांतीपर्यंतही टिकला नाही.