लहान मासेमारी होडीसाठी जुने आउटबोर्ड इंजिन: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

लहान मासेमारी होडीसाठी वापरलेले आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन शोधू लागले की ८ ते २० अश्वशक्तीच्या टप्प्यात साधारणतः तीन प्रकार समोर येतात: कार्ब्युरेटरचे टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचे फोर-स्ट्रोक आणि संगणकाच्या नियंत्रणाने इंधन फवारणारे, म्हणजे ईएफआयचे फोर-स्ट्रोक. या तिन्ही प्रकारांवर लोकांनी वर्षानुवर्षे मासेमारी केली आहे, त्यामुळे एकाला सरसकट श्रेष्ठ ठरवता येत नाही. माझे मत असे आहे की प्रकार आपल्या कामाच्या पद्धतीवरून ठरवावा आणि तो ठरल्यावर इंजिनाचे वय, कंपनी व रंग यांपेक्षा त्याला थंड ठेवणारे पाणी आतून आजवर नीट फिरत आले आहे का, याचा शोध अधिक चिकाटीने घ्यावा. कारण खाऱ्या पाण्यात वापरलेली इंजिने वापराने झिजण्याच्या कितीतरी आधी मीठ साचून, तापून आणि गंजून निकामी होतात.

पहिला विचार वजनाचा करावा. १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन सुमारे ३६ किलो भरते, तर त्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक बहुधा ४५ ते ५० किलोंच्या आसपास असते आणि इलेक्ट्रिक स्टार्ट असल्यास बॅटरीचे वजन त्यात वेगळे धरावे लागते. इंजिन कायम होडीवरच राहणार असेल तर हा फरक सोसण्यासारखा आहे. पण रोज ते उतरवून वाळूतून वाहून न्यायचे असेल, किंवा होडी इतकी लहान असेल की मागे इंजिन, इंधनाची टाकी आणि चालवणारा माणूस असे तिन्ही भार एकत्र आल्यावर तिची मागची बाजू पाण्यात बसते, तर १०-१५ किलो फार होतात. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन कोणत्याही कुशीवर आडवे ठेवता येते, तर फोर-स्ट्रोक उत्पादकाने सांगितलेल्या बाजूवरच ठेवावे लागते, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरते.

इंधनाच्या बाबतीत पारडे उलटे झुकते. कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जाण्याची वाटही उघडी असते, त्यामुळे इंधनाचा लक्षणीय भाग, साधारण पाव हिस्सा, न जळताच निघून जातो. त्यात पेट्रोलमध्ये मिसळाव्या लागणाऱ्या तेलाचा खर्च मिळवावा: ५० लिटर पेट्रोलला १ लिटर तेल, हे अनेक इंजिनांचे प्रमाण आहे आणि काही जुन्या इंजिनांना याहून जास्त तेल लागते. गळ ओढत तासन्‌तास संथ चालणाऱ्याला हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण संथ वेगात टू-स्ट्रोकचे प्लग काजळतात आणि चाल अडखळते, तर फोर-स्ट्रोक त्याच वेगात शांतपणे चालत राहते. उलट, जाळे टाकलेल्या जागी भरधाव जाऊन तासाभरात परत येणाऱ्याच्या हिशेबात इंधनाची बचत तितकी मोठी ठरत नाही. फोर-स्ट्रोकचीही संथ चालण्यात एक अडचण आहे: थंड पाण्यात ते पुरेसे तापले नाही तर पेट्रोल तेलात उतरते. म्हणून तेलाची पट्टी काढून पाहताना पातळी खुणेच्या वर असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, तर विक्रेत्याने नुकतेच भरपूर तेल घातले आहे असे समजून समाधान मानू नये.

दुरुस्तीचा प्रश्न हा माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ते वेळेवर उघडणारा टायमिंग बेल्ट नाही आणि तेल बदलत राहण्याचा प्रश्न नाही; कार्ब्युरेटर उघडून साफ करणे आणि प्लग बदलणे मालकाला स्वतः जमते, आणि इंजिन पाण्यात बुडाले तरी वेळेवर काढून लगेच सुरू केल्यास ते वाचण्याची शक्यता बरी असते. फोर-स्ट्रोकला साधारणतः दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा तेल बदलावे लागते, आणि ज्या मॉडेलांत टायमिंग बेल्ट आहे त्यांत तो ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो. या कामांची नोंद विक्रेत्याकडे नसेल तर ती झालीच नाहीत असे धरून किंमत ठरवावी. ईएफआयचे इंजिन थंडीतही पटकन सुरू होते आणि अनेक मॉडेलांत किती तास चालले याची नोंद संगणक जोडून वाचता येते, हा वापरलेली वस्तू घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. पण ते पाणी मिसळलेले किंवा कचरा असलेले इंधन सहन करत नाही, आणि त्याचा बिघाड शोधायला जाणकार कारागीर व उपकरण दोन्ही लागतात. कारागीर जवळ नसेल तर मी साधे टू-स्ट्रोक घेईन.

सुटे भाग मिळतात का, हे इंजिन पाहायला जाण्याआधीच विचारून घ्यावे. उत्सर्जनाच्या नियमांमुळे अनेक देशांत कार्ब्युरेटरची नवी टू-स्ट्रोक इंजिने विकली जात नाहीत, त्यामुळे तिथे मिळणारे असे इंजिन जुनेच असणार. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे टू-स्ट्रोक हा मधला मार्ग होता, परंतु अशी इंजिने बनवणाऱ्या इव्हिनरूड कंपनीच्या आउटबोर्डचे उत्पादन २०२० साली बंद झाले, हे ती इंजिने पाहताना लक्षात ठेवावे.

शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खालच्या पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) जाणाऱ्या दांड्याची, लांबी होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळली नाही तर पुढचे सारे व्यर्थ आहे. आखूड शाफ्ट १५ इंची आणि लांब २० इंची असतो. इंजिन लावल्यावर पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला यायला हवी.

आता प्रत्यक्ष तपासणी. इंजिन आपण पोहोचेपर्यंत सुरू करू नये असे विक्रेत्याला आधीच सांगावे आणि गेल्यावर हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण तापलेले इंजिन सुरू होण्यातला दोष लपवते. वरचे झाकण काढून सिलिंडर हेडच्या रंगाकडे पाहावे. तिथे रंग करपलेला किंवा फुगलेला असेल तर इंजिन कधीतरी तापले आहे, आणि तेवढ्याच भागावर ताजा रंग असेल तर शंका अधिक घ्यावी. सुरू झाल्यावर बाजूने पडणारी पाण्याची धार जोरदार आणि अखंड हवी. धार बारीक असेल तर कारण पाणी खेचणारा रबरी इंपेलर असू शकते, जो बदलणे सोपे आहे, किंवा आतल्या वाटांत साचलेले मीठ असू शकते, जे काढणे सोपे नाही, आणि बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसते.

दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावे. आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे आणि तो १० टक्क्यांहून अधिक नसावा. काही लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत दोरी सहज ओढता यावी म्हणून सुरुवातीचा दाब आपोआप कमी करणारी रचना असते, तेव्हा तिथे कमी आकडा पाहून घाबरू नये. गिअरच्या भागाचा खालचा स्क्रू सैल करून थोडे तेल बाहेर येऊ द्यावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. पंखा काढून त्याच्यामागे गळाची दोरी गुंडाळली गेली आहे का तेही पाहावे, कारण मासेमारीच्या इंजिनांत गिअरमध्ये पाणी जाऊ न देणारे सील कापले जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे. इंजिनाऐवजी स्वतः गंजण्यासाठी लावलेला झिंकचा तुकडा अर्धा झिजलेला असेल तर तो आपले काम करत होता. त्यावर रंग फासलेला असेल तर इतकी वर्षे गंज इंजिनाचाच घास घेत होता.

शेवटी होडीवर लावून, नेहमीच्या भारासह, पूर्ण वेगात चालवून पाहावे. इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत यायला हवेत. फेरे वाढतात पण होडी पुढे जात नाही असे झाले तर बहुधा पंख्याच्या मधले रबर घसरत आहे. विक्रेता पाण्यात चाचणी देत नसेल आणि पिंपात चालवून दाखवत असेल, तर त्यावरून थंड पाण्याचा प्रवाह आणि गिअर पडतो की नाही एवढेच कळते. भाराखाली ते इंजिन काय करेल हे तिथे कळत नाही, म्हणून अशा इंजिनाला सुट्या भागांच्या किमतीहून जास्त रक्कम देऊ नये.