हौद्यात दोन डर्ट बाइक: कोकणात फिरणाऱ्या रेसरसाठी छोटा हत्ती कसा पडतो?

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीला ना नंबर प्लेट, ना हेडलाइट, ना आरसे. कावासाकी केएक्स २५० किंवा केएक्स ४५० दारात उभी असली, तरी घरापासून दोन किलोमीटरवरच्या सरावाच्या जागीसुद्धा ती लादूनच न्यावी लागते. त्यामुळे रेसरला दुसरी गाडी लागतेच. कोकणात ती बहुतेक वेळा टाटा एस असते, म्हणजे आपला छोटा हत्ती. २००५ साली आलेली ही गाडी भाजी, चिरे, फर्निचर, गणपती असं सगळं वाहते. शर्यतीच्या बाइक ती कशा वाहते, हा इथला विषय. आकडे एस गोल्ड पेट्रोलचे आहेत.

हौदा २,२०० मिमी लांब, १,४९० मिमी रुंद आणि बाजूच्या फळ्या ३०० मिमी उंच. केएक्सची लांबी २,१८० मिमीच्या आसपास, म्हणजे पुढचं चाक केबिनच्या मागच्या जाळीला टेकवलं की फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, जेमतेम बंद होतो. रुंदीचा हिशेब मात्र आधी कागदावर करावा. एका हँडलची रुंदी ८२० मिमी, दोघांची १,६४०, आणि हौदा १,४९०. दोन्ही बाइक तोंडं पुढे करून शेजारीशेजारी लावल्या तर हँडल एकमेकांत अडकतात, नाहीतर बाहेर डोकावतात. देवरुख किंवा राजापूरच्या बाजारपेठेत समोरून एसटी आली की बाहेर आलेला क्लचचा लिव्हर पहिला जातो. उपाय सोपा: एक बाइक तोंड पुढे, दुसरी तोंड मागे. मग एकीचं हँडल दुसरीच्या सीटच्या शेपटाशेजारी येतं आणि मधे हात घालायला जागा उरते. तोंड मागे असलेल्या बाइकच्या टाकीच्या झाकणाची श्वासनळी वर वळवून बांधावी, नाहीतर घाटात पेट्रोल ठिबकत राहतं.

हिरो एक्सपल्ससारखी गाडी हौद्यापेक्षा किंचित लांब भरते. एकच असेल तर तिरकी लावावी. दोन असतील तर पुढची चाकं काढून काटे (पुढचे फोर्क) लाकडी ठोकळ्यावर बसवावे लागतात, आणि हा उद्योग पहाटे चार वाजता कोणालाच आवडत नाही. तशीही ती पासिंगची गाडी आहे; शर्यत जवळ असेल तर चालवतच नेलेली बरी.

वजनाची चिंता नको. कागदावर ७५० किलो वाहून नेण्याची क्षमता. दोन केएक्स मिळून सव्वादोनशे किलोच्या आसपास, हत्यारं, टायर, तंबू, पाणी आणि पेट्रोल धरून आणखी दोनशे. अडचण वजनाची नसून ते कुठे ठेवलंय याची असते. पाण्याचे कॅन फाळक्याजवळ लादले की पुढची चाकं हलकी होतात आणि आंबा घाटाच्या वळणावर स्टिअरिंग पोकळ लागतं. जड सामान केबिनच्या भिंतीला लागून, बाइकांच्या मधल्या फटीत.

आता पट्टे. या गाडीत लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे. हौद्याच्या बाहेर जे हुक असतात ते ताडपत्रीची दोरी बांधण्यासाठी आहेत. पत्र्याला वेल्ड केलेल्या त्या हुकावर शंभर किलोची बाइक रॅचेट पट्ट्याने (दातेरी कळीने आवळायच्या पट्ट्याने) ओढून बांधली आणि गाडी खड्ड्यात आपटली की आधी वेल्ड सुटतं, मग बाइक. हौद्याच्या तळाला चार कोपऱ्यांत आणि मधे दोन अशी सहा भोकं पाडून एम-१० चे (१० मिमी जाडीचे) आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेले बोल्ट, बसवावेत, खालून किमान ५ मिमी जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी द्यावी आणि लॉक-नट लावावा. खालचे आडवे चॅनल कुठे आहेत ते बघून भोक पाडावं. त्यांच्या जवळ बोल्ट आला तर पत्रा खेचला जात नाही. चिपळूण, कुडाळ किंवा सावंतवाडीतला कोणताही फॅब्रिकेशनवाला हे अर्ध्या दिवसात करतो. भोकाच्या कडांना रेड ऑक्साइड लावायला सांगायचं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू.

मोटोक्रॉसच्या बाइकला साइड स्टँड नसतो. पहिला पट्टा ताठ होईपर्यंत एकाने ती धरून उभंच राहावं लागतं, त्यामुळे एकट्याने लादण्याच्या फंदात पडू नये. पट्टा हँडलच्या टोकाला कधीच नाही. काट्याच्या खालच्या क्लॅम्पभोवती कापडी फास घालून त्यातून. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात खाली आणि पुढे. टायर आणि मडगार्ड यांच्या मधे लाकडाचा ठोकळा हवाच. तो नसला तर पट्टे आवळताना काटा पूर्ण दबतो, पाच-सहा तास तसाच दबून राहतो, आणि शर्यतीच्या सकाळी फोर्क सीलमधून तेल गळताना दिसतं. ठोकळा असला की काटा एक-तृतीयांश दबला तरी पुरतो. मागच्या चाकाला एक पट्टा, फक्त ते उडू नये म्हणून. तो आवळण्यात शक्ती घालवू नये.

मालाविना किंवा कमी मालावर छोटा हत्ती उसळतो. मागे पाट्यांच्या स्प्रिंग आहेत आणि त्या साडेसातशे किलोसाठी बेतलेल्या. दोन बाइकांना त्या दाद देत नाहीत. त्या उसळण्याने पट्टे सैल पडतात. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून सगळे पट्टे तपासायचे, मग प्रत्येक चहाला. मागच्या टायरांत हवा पूर्ण मालाच्या आकड्याएवढी ठेवली तर हाल वाढतात; कंपनीने कमी मालासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो वापरावा.

चढवण्यासाठी सात फुटी फळी घ्यावी. पाच फुटी स्वस्त पडते, पण चढ इतका उभा होतो की बाइकचा इंजिनखालचा पत्रा हौद्याच्या कडेवर घासतो. फळीचं वरचं टोक पट्ट्याने हौद्याला बांधलंच पाहिजे. चाक कडेवर येताच फळी मागे सरकते आणि बाइक माणसासकट खाली येते. लादतानाचे बहुतेक अपघात याच एका आळसाचे. कोकणात पहाटे दव इतकं पडतं की अ‍ॅल्युमिनियमची फळी साबण लावल्यासारखी होते. तिच्यावर खरखरीत अँटीस्किड टेप किंवा जुन्या टायरचे तुकडे रिव्हेट करून घ्यावेत.

इंजिन हा या गाडीचा दुबळा भाग, आणि ते मान्य करूनच ती घ्यावी. दोन सिलिंडर, ६९४ सीसी, ३० अश्वशक्ती, ५५ न्यूटन-मीटर. कुंभार्ली घाट चढताना मागे ट्रकांची रांग लागते, आणि वर कमान व ताडपत्री असेल तर हायवेवर समोरचा वारा उरलेला दमही काढून घेतो. पन्नास-साठचा वेग धरून वेळापत्रक आखावं. उतरताना चढायला जो गिअर लागला तोच ठेवायचा. पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत, पण पूर्ण घाट ब्रेकवर उतरलं तर खाली येईपर्यंत जळका वास येतोच. शर्यतींसाठी कोइमतूर-बंगळुरूच्या फेऱ्या नेहमीच्या असतील तर ही गाडी नकोच. त्यासाठी टाटा इंट्रा व्ही३० बघावी: हौदा २,६९० बाय १,६२० मिमी, १,३०० किलो क्षमता, दीड लिटरचं डिझेल इंजिन. तिच्यात तिसरी बाइकही बसते.

पण सागरी महामार्गावर छोटा हत्तीच बरा. वळायला ४.३ मीटरची त्रिज्या पुरते, म्हणजे दोन्हीकडे जांभ्याचे गडगे असलेल्या वाडीच्या रस्त्यात समोरून डंपर आला तर मागे येणं आणि वळणं जमतं. फेरीबोटीवरही फायदा. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, खाडी ओलांडली की मोठा वळसा वाचतो आणि लहान गाडीला जागा पटकन मिळते. ओहोटीच्या वेळी मात्र धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो आणि बोटीची फळी उभी लागते. मागची चाकं हलकी असल्याने ती तिथे फिरतात. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता चढवायची. बोटीत हँडब्रेकसोबत गिअरमध्येही ठेवायची.

१४५ आर १२ टायर लहान आहेत. पावसाळ्यानंतर रस्त्यावर जे खड्डे पडतात त्यात बारा इंची चाक पूर्ण बसतं. रिम वाकणं ही नित्याची बाब, म्हणून एक जादा रिम टायरसकट न्यावी. स्टेपनी खाली टांगलेली असते आणि चिखलात गाडी टेकल्यावर ती काढणं म्हणजे शिक्षा; दुसरी हौद्यात ठेवलेली चांगली.

मुक्कामासाठी हौदा कसा? बाइक उतरवल्यावर २,२०० मिमीत माणूस सरळ झोपतो, दोघंही मावतात. पंचवीस मिमीच्या चौकोनी पाइपची कमान आणि जाड ताडपत्री एवढं पुरतं. कमान मधे उंच आणि कडेला उतरती हवी. सपाट केली तर जूनच्या सरीत मधे पाण्याचं डबकं साचतं आणि रात्री ते अंगावर येतं. फाळका उघडून साखळ्यांवर आडवा ठेवला की कामाचं टेबल होतं. एअर फिल्टर धुवायला ती जागा उत्तम, आणि जांभ्याच्या लाल धुळीत ते काम प्रत्येक सरावानंतर करावंच लागतं. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये बुडवू नये, जोडाचा डिंक सुटतो. फिल्टर क्लीनर, मग साबणाचं पाणी, दाबून निथळायचा पण पिळायचा नाही, पूर्ण वाळल्यावरच तेल. कोकणातल्या दमट हवेत वाळायला रात्रभरही कमी पडते, म्हणून तेल लावलेले दोन फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवावेत.

धुण्याचं पाणी हा स्वतंत्र विषय. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी बरेचदा मचूळ असतं. त्याने बाइक धुतली की चेन दुसऱ्या दिवशी तांबडी. गोड्या पाण्याचा पन्नास लिटरचा कॅन सोबत असावा आणि त्याच पाण्याने रॅचेटही धुवून तेल मारावं. रॅचेटचे दाते गंजले की ऐन वेळी सुटत नाहीत आणि पट्टा कापावा लागतो.

सरावाच्या जागेबद्दल एक सूचना. गाडी कुठेही जाते म्हणून कुठेही उतरवू नये. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि नेमका तोच कोरडा हंगाम रेसरचाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. मोठ्या गुठळ्यांच्या नॉबी टायरखाली गेलेली रेघ परत कोरता येत नाही. बंद पडलेली चिरेखाण, मालकाची परवानगी घेऊन, हीच योग्य जागा. तिथे उंचवटेही तयार मिळतात.

कागदपत्रांचा जाच कमी आहे. साधा एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनांचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाड्यांसाठी ते पुन्हा स्पष्ट केलं. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असल्याने परमिट लागत नाही. फिटनेस मात्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. बिनापासिंगच्या बाइकच्या बिलाची प्रत आणि एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा स्पर्धा परवाना डॅशबोर्डात ठेवावा. नाक्यावर पहिला प्रश्न त्याबद्दलच येतो. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात हौद्यातल्या बाइक येत नाहीत. आणि हौद्यात माणसं बसवून नेऊ नयेत, मेकॅनिक असला तरी.

विकत न घेता भाड्याने चालेल का? ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालेल. मार्चअखेर आंबा सुरू झाला की रत्नागिरी-देवगडचा प्रत्येक छोटा हत्ती पेट्या घेऊन धावत असतो. तेव्हा रेसरला गाडी मिळत नाही, मिळाली तर ड्रायव्हर ट्रॅकवर दोन दिवस थांबायला तयार नसतो. शिवाय भाड्याच्या गाडीच्या तळाला आय-बोल्ट मारू कोण देणार? पट्ट्यांची सगळी शिस्त तिथेच संपते.

जुनी घेताना एकच गोष्ट कसोशीने बघावी: ती मासळीला लागलेली होती का. हर्णै, मिरकरवाडा, मालवणकडे बर्फ आणि मासळी वाहिलेल्या गाडीत खारं पाणी महिनोन्‌महिने तळाच्या सांध्यांत मुरलेलं असतं. वरून रंग नवा असतो. हौद्यातला रबर किंवा प्लायचा थर उचलून चाकांच्या कमानीजवळ आणि आडव्या चॅनलवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द वाजला तर पत्रा आतून संपलाय. पाट्यांचे यू-बोल्ट आणि ब्रेकचे लोखंडी पाइपही तसेच हाताने चाचपावेत. पाइपवर फोड आलेले असतील तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती गाडी सोडून घाटावरची, भाजीपाल्याला लागलेली शोधावी.