दोघांनाही सांगितलं, 'किंमतीचं बोलू नका'

घरातलं जुनं सामान ऑनलाइन विकायला काढलं असेल तर हे जरूर वाचा. क्यूआर कोडची फसवणूक आता बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्या बाबतीत मात्र कोणी पिन मागितला नाही, ओटीपी मागितला नाही, लिंकही पाठवली नाही. तरी दोन घरांचे पैसे बुडाले.

मुलुंड पूर्वेची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डरने दिलेल्या तारखेला घर रिकामं करायचं होतं आणि भाड्याची जागा जुन्या घराच्या जेमतेम निम्मी. गोदरेजचं कपाट, दिवाण, जेवणाचं टेबल, डबल डोअर फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं न्यायला जागाच नव्हती. भंगारवाल्याने दोन्ही मशीनचे मिळून जो भाव सांगितला तो ऐकून जीव तुटला. म्हणून फोटो काढून एकाच वेळी तीन ठिकाणी जाहिराती टाकल्या. फ्रिज आणि मशीन मिळून १८,००० रुपये.

पहिल्याच संध्याकाळी एक 'आर्मीवाला' आला. कुलाब्याला पोस्टिंग आहे, सामान न बघताच घेतो, पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करा. त्याला लगेच ब्लॉक केलं. पैसे घेताना स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही, पिन लागतो तो फक्त देताना. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसामाणसांमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे समोरच्याकडे पैसे मागण्याची सोय, बंद केली आहे, पण कोड पाठवणारे थांबलेले नाहीत.

त्यानंतर ज्याचा फोन आला तो फार व्यवस्थित बोलला. स्वच्छ मराठी, 'ताई, ताई' म्हणून. मशीन फ्रंट लोड आहे का, फ्रिजचा काँप्रेसर कधी बदलला, बिल आहे का, सगळं विचारलं. मागच्या बाजूचे आणखी फोटो मागवून घेतले. मग म्हणाला, "मला पटलं. माझ्या ऑफिसातल्या मुलाचं नुकतंच लग्न झालंय, त्याला भेट देतोय. तो टेम्पो घेऊन येईल. फक्त त्याच्यासमोर किंमतीचं बोलू नका, त्याला संकोच वाटेल. पैसे मी पाठवतो." यात खटकण्यासारखं काय होतं? लग्नात भेट देतात, आणि भेटीची किंमत कोणी सांगत नाही.

रविवारी सकाळी मुलगा आला. पंचविशीतला, सोबत बायको आणि गल्लीच्या तोंडाशी उभा केलेला छोटा हत्ती. दोघांनी फ्रिज उघडून पाहिला, मशीन लावून पाहिलं. ती मुलगी भाजीचा ट्रे बाहेर काढून परत बसवत होती, इतकं तिला ते आवडलं होतं. मुलगा बाल्कनीत जाऊन फोनवर बोलला. हमालांनी दोन्ही वस्तू खाली नेल्या.

मला त्या फोनवरच्या माणसाकडून स्क्रीनशॉट आला, १८,००० जमा. पाठोपाठ बँकेसारखा मेसेज. तो मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता, आणि बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक तेवढीच. फोन केला तर म्हणाला, "सर्व्हर डाउन आहे ताई, अर्ध्या तासात दिसेल, टेम्पोवाला वेटिंग लावतोय, सोडा त्यांना." मी वॉचमनला गेट लावायला सांगितलं आणि खाली धावले.

"पैसे आले नाहीत," मी म्हटलं.

"काकू, मी आत्ताच ११,००० पाठवले की! तुमच्या भाच्याला."

मला असा कोणी भाचा नाही. मुलाने फोन पुढे केला. जिथे मी जाहिरात टाकलेलीच नव्हती अशा एका चौथ्या ठिकाणी माझ्याच फ्रिजचा फोटो होता. कडेला माझी तुळस, मागे माझाच पडदा. किंमत ११,०००, खाली 'बिल्डिंग पाडतायत, अर्जंट'. त्या माणसाने मुलाला सांगितलं होतं, "घरी मामी आहे. तिचा जीव अडकलाय सामानात, तिच्यासमोर किंमतीचं बोलू नका." मला संकोचाचं सांगितलं, त्याला मामीचं. त्यामुळे आम्ही तासभर एका घरात उभे राहून फ्रिजबद्दल बोललो आणि पैशाबद्दल एक शब्द काढला नाही.

पुढचा अर्धा तास वाईट गेला. त्याला वाटलं मी त्या भामट्याला सामील आहे, आणि मला वाटलं तो आहे. गेटवर बायामाणसं जमली. टेम्पोवाला वेगळाच तापला. ती मुलगी रडायला लागली तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवून चॅट वाचायला लावलं. दोन्हीकडे नंबर एकच. तोवर तो बंद झाला होता.

तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच तक्रार करायची असते, म्हणून मुलगा बोलला. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी एवढं लागतं. जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरली आणि पोलीस ठाण्यात दोघांनी अर्ज दिले. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे. जे आपण '४२०' म्हणतो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. अर्जात हे लिहिलं की समोरचा नीट ऐकतो, असा माझा अनुभव.

फ्रिजचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. सामान माझं आणि पैसे मला मिळालेले नाहीत, तेव्हा हक्क माझा, असं सगळे म्हणत होते. पण त्या दोघांना रिकाम्या टेम्पोने पाठवायला मन होईना. शेवटी त्यांनी मला ९,००० दिले आणि दोन्ही वस्तू नेल्या. माझे ९,००० गेले, त्यांना १८,००० ची वस्तू २० हजारांना पडली.

तीन-चार ठिकाणी जाहिरात टाकणाऱ्यांना यात विशेष धोका आहे. तुमचे फोटो चहूकडे पसरलेले असतात, त्यामुळे आणखी एका ठिकाणी तेच दिसले तर घेणाऱ्याला संशय येत नाही, आणि कुठली चौकशी कुठल्या जाहिरातीवरून आली हे तुमच्याही ध्यानात राहत नाही. म्हणून फोन आला की आधी विचारा, जाहिरात कुठे पाहिली, किंमत किती लिहिली आहे? दारात जो येईल त्याला तोंडावर किंमत सांगा आणि पैसे कोण देणार ते विचारा. कोणी 'त्याच्याशी बोलू नका' म्हटलं तर मुद्दाम बोला. फोटोत एका कोपऱ्यात कागदावर आजची तारीख आणि किंमत लिहून ठेवा. आमच्या दिवाणाचा फोटो आता तसाच आहे. पैसे जमा झाले का ते बँकेच्या ॲपमध्येच पाहा, आणि वस्तू विकली गेली की सगळीकडची जाहिरात काढा.

घेणाऱ्यांनीही वस्तू ज्याच्या घरात आहे त्याच्याच हातात पैसे द्यावेत. भाचा, मेव्हणा, मॅनेजर कोणी सांगितला तरी.

मुलाला कळवलंय की त्या खात्यातली काही रक्कम गोठवली आहे, ती परत मिळायची अजून बाकी आहे. माझा जबाब लागला तर मी येईन, असं त्याला सांगून ठेवलंय.