डीएनए ७५: हाताने गुंडाळलेली कॉइल, वॉट आणि तापमान

इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर सिगारेट सोडण्यासाठी मी वेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो, आणि गेली चार वर्षे मी जो मॉड (बॅटरी आणि बटण असलेला तिचा मुख्य भाग) वापरतो आहे त्यात एव्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा डीएनए ७५ हा नियंत्रक बोर्ड बसवलेला आहे. हा बोर्ड २०१६ साली आला, म्हणजे तो नवा नाही. तरीही त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण स्वतः कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी) गुंडाळणारे अनेक जण त्यातील तापमान-नियंत्रण समजत नाही म्हणून बंद ठेवतात आणि केवळ वॉटवर काम भागवतात. या बोर्डासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे जे काही त्यात आहे, ते माझ्या मते नेमके त्या बंद ठेवलेल्या भागात आहे.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. त्यामुळे हे परीक्षण, जिथे ही उपकरणे प्रौढांना कायदेशीरपणे मिळतात अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. जो मुळात सिगारेट ओढत नाही त्याने याच्या वाटेला जाऊच नये. ब्रिटनची आरोग्यसेवाही वेपला सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणते, निर्धोक म्हणत नाही.

वॉट आणि तापमान यांची गल्लत फार होते. फोडणी करताना गॅसची ज्योत किती मोठी ठेवली ते म्हणजे वॉट, आणि कढईतले तेल प्रत्यक्षात किती तापले ते म्हणजे तापमान. ज्योत तीच असली तरी कढईत तेल भरपूर असताना मोहरी नीट तडतडते आणि तेल थेंबभरच उरले असेल तर क्षणात करपते. कॉइलचेही तसेच आहे: तिच्यात घातलेला, द्रव शोषून घेणारा कापूस ओला असेपर्यंत द्रवाची वाफ होण्यात उष्णता खर्ची पडते आणि तार ठरावीक तापमानाच्या वर जात नाही, पण कापूस कोरडा पडू लागला की त्याच ३० वॉटवर तार झपाट्याने तापते, कापूस जळतो, आणि द्रवातील ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकोल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलिन यांसारखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात. तापमानाची मर्यादा घातलेली असली की बोर्ड त्याआधीच शक्ती कमी करतो. मला हा चवीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न वाटतो.

आता बोर्डाला तापमान कळते कसे, ते पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. कॉइलजवळ कोणताही तापमापक नसतो. तारच तापमापक असते. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि थंड अवस्थेतील रोधाशी तुलना करून बोर्ड तापमानाचे गणित मांडतो. कँथल या लोह-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलत नाही, म्हणून कँथलवर ही सोय निरुपयोगी ठरते. निकेलचा रोध भरपूर बदलतो, पण तार मऊ असते आणि ती कोरडी तापवून लाल करू नये; टायटॅनियमलाही लाल होईपर्यंत तापवणे टाळावे लागते, कारण त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. मी ३१६ एल स्टेनलेस स्टील वापरतो, कारण ते वॉट आणि तापमान या दोन्ही पद्धतींत चालते.

माझी नेहमीची कॉइल २६ गेज जाडीच्या स्टीलच्या तारेची, ३ मिलिमीटर आतल्या व्यासाची, ८ वेढ्यांची आणि वेढे एकमेकांना न चिकटलेली अशी असते. पायांसकट, म्हणजे जोडणीसाठी सोडलेल्या टोकांसकट, सुमारे साडेनऊ सेंटीमीटर तार लागते आणि थंड रोध ०.५५ ओहमच्या आसपास येतो. स्टीलचा रोध दर अंशाला एक हजारांशापेक्षाही थोडा कमीच वाढतो, म्हणजे २० अंशांवरून २२० अंशांपर्यंत जाताना ०.५५ चा साधारण ०.६५ ओहम होतो. संपूर्ण २०० अंशांची कहाणी बोर्डाला या ०.१० ओहमच्या फरकातून वाचायची असते. म्हणजेच ही टोके पकडणारा स्क्रू सैल राहिल्याने रोधात ०.०१ ओहमची जरी भर पडली तरी तापमानात सुमारे २० अंशांची चूक होते. वेढे एकमेकांना अधूनमधून टेकत असतील तरी आकडा असाच डळमळतो, म्हणून तापमान-नियंत्रणासाठी वेढ्यांमध्ये अंतर राखणे मला आवश्यक वाटते.

ही चूक कोणत्या दिशेने होते हेही समजून घ्यावे. बोर्डाने थंड रोधाचा आकडा नोंदल्यानंतर स्क्रू सैल झाला तर रोध वाढलेला दिसतो, बोर्डाला तार जास्त तापल्यासारखी वाटते आणि वाफ कमी येते. यात नुकसान काही नाही. उलट, थंड रोधाची नोंद कॉइल गरम असतानाच झाली तर बोर्ड गरम तारेलाच थंड समजतो आणि पुढे प्रत्येक वेळी ठरवल्यापेक्षा जास्त तापवतो. नवा अटोमायझर (कॉइल आणि द्रव असलेला वरचा भाग) लावला की डीएनए ७५ पडद्यावर ‘ही नवी कॉइल आहे का?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणू नये. कॉइल खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. सुरुवातीच्या दिवसांत मी कॉइल तापवून वेढे सारखे केले आणि लगेच ‘हो’ म्हटले, तेव्हा पडद्यावर २१० अंश दिसत असतानाच नवा कापूस करपला होता. तेव्हापासून एक चाचणी मी चुकवत नाही: कोरडा कापूस घालून, मर्यादा २०० अंशांवर ठेवून, क्षणभर बटण दाबायचे. कापूस पांढराशुभ्र राहिला तरच त्यावर द्रव सोडायचा.

मर्यादा १०० ते ३०० अंशांच्या दरम्यान ठेवता येते आणि शक्ती ७५ वॉटपर्यंत जाते. तापमान-पद्धतीत वॉट निरर्थक ठरत नाहीत; कॉइल त्या मर्यादेपर्यंत किती वेगाने पोहोचेल हे तेच ठरवतात. माझ्या कॉइलला ३० वॉट आणि २१५ अंश पुरतात. जाड किंवा अधिक वेढ्यांच्या कॉइलचा रोध इतकाच असला तरी तापवायचा धातू जास्त असल्याने तिला जास्त वॉट लागतात, म्हणून दुसऱ्याचा वॉटचा आकडा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही.

बोर्डाची मला सर्वाधिक आवडलेली बाब म्हणजे एस्क्राइब हे संगणकावरचे सॉफ्टवेअर. स्टीलचा रोध दर अंशाला किती वाढतो याचा एकच गुणांक न देता रोध आणि तापमान यांचा संपूर्ण आलेख त्यात भरता येतो आणि झुरका घेताना वॉट, रोध व तापमान यांच्या रेषा पडद्यावर चढता-उतरताना पाहता येतात. तापमानाची रेषा मर्यादेपाशी सपाट झाली तर जोडणी पक्की; ती दातेरी दिसली तर आधी स्क्रू तपासावेत. हे सॉफ्टवेअर शिकायला दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि ज्यांना तयार कॉइल बसवून मोकळे व्हायचे आहे त्यांना हा खटाटोप, आणि पर्यायाने हा बोर्डही, अनावश्यक वाटेल. त्यांनी तो घेऊ नये.

राहिला बॅटरीचा मुद्दा. अशा नियंत्रित बोर्डात बॅटरीतून किती विद्युतधारा ओढली जाईल हे कॉइलच्या रोधापेक्षा वॉटवर अवलंबून असते. १८६५० आकाराच्या एकाच बॅटरीवर ३० वॉटला साधारण १० अँपिअर लागतात, पण बॅटरी उतरत आली असताना ७५ वॉट मागितले तर हा आकडा २५ अँपिअरच्याही पुढे जातो. सॅमसंगची २५आर ही बॅटरी सलग २० अँपिअरसाठी आहे, म्हणून ती घातलेल्या मॉडवर मी ५० वॉटच्या वर जात नाही. बॅटरीचे वेष्टन कुठेही फाटलेले दिसले की ती त्याच दिवशी बाजूला काढतो, आणि सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर कधीही ठेवत नाही.