बीएएमएमसी की साधं बीए? ऐरोलीतल्या घरातला हिशेब

भाचीची बारावी झाली आणि घरात दोन तट पडले. ताईला मास मीडिया हवं, भाऊजींना साधं बीए.

मास मीडिया म्हणजे मुंबई विद्यापीठाचं जुनं बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया), ते 2019 पासून बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधलं बीए) झालं. हा कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे फी त्याच कॉलेजातल्या अनुदानित बीएच्या कितीतरी पट. समजा वर्षाला चाळीस हजार धरले, तर तीन वर्षांचे एक लाख वीस हजार. वर लॅपटॉप, प्रोजेक्टचा खर्च आणि इंटर्नशिप. ती बहुतेकदा बिनपगारी आणि अंधेरी किंवा लोअर परळला. ऐरोलीहून आधी ट्रान्स-हार्बरने ठाणे, मग दादरला उतरून पश्चिम रेल्वे. सकाळी ठाण्याच्या जिन्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, तिथे बिनपगारी कामासाठी रोज धक्के खायचे!

बीए मराठी किंवा इंग्रजी घेतलं तर फी किरकोळ. उरलेल्या पैशात व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स होतो, दुपारी हात मोकळे राहतात. भाची आताच एका मिठाईवाल्याचं इन्स्टाग्राम सांभाळते. महिन्याला तीन हजार, वर दिवाळीत काजूकतली.

पगाराचं म्हणाल तर सुरुवातीला दोन्ही पदव्या एकाच रांगेत. जाहिरातवाले आधी केलेलं काम बघतात, मार्कशीट नंतर. मास मीडियात ओळखी मात्र होतात, सीनियर पुढे बोलावून घेतात. ते बीएच्या वर्गात मिळणार नाही, हे भाऊजींनाही मान्य आहे.

माझं मत बीएला. ताई अजून बोलत नाहीये.